तिसऱ्या सालाचं बियाणं

"नाई बसत मी तुमच्या स्टेजवर!"

"गिरजाबाई, दोनच वाक्यं बोला. हे बियाणं चांगलं आहे, बस!"

"नाई म्हणजे नाई!"

माझ्या ओसरीत कृषिमंत्री आणि मी भांडत होतो. बाहेर त्यांच्या गाड्या, कुंपणाशी अख्खं गाव. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला नव्या कपाशीची घोषणा होती. चाचणीची दोनच सालं झालेली, तिसरं बाकी.

भांडण जरा थांबवते. या माणसाचे किस्से माझ्याकडे ढीगभर साठलेत आणि ऐकायला घरात कोणी उरलं नाही. म्हणून लिहिते.

*

मंत्री होण्याआधी ते आमच्या शिवारातल्या कापूस केंद्रावर शास्त्रज्ञ होते, मी रोजानं जायची. संध्याकाळी कपाशीच्या पात्या, म्हणजे कळ्या, सोलायच्या, आतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे.

पहिल्या दिवशी सरांनी स्वतः दहा कळ्या सोलल्या. नऊ मोडल्या!

"सर, तुमी लिहाचं काम करा!"

खरंच वही घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले.

*

मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले प्लॉटच्या पाट्यांवरून. पाट्या इंग्रजी, म्हणून एबीसीडी आधी आली, अआइई मागून.

सर हसले, "तुमचं उलटंच झालं!"

"उलटं काऊन? पेरता तुमी इंग्रजीत, निंदतो आमी मराठीत!"

*

एका नव्या वाणाला पहिल्याच साली बोंडंच बोंडं! बहिणीनं मूठभर सरकी मागितली. मी पदरात बांधली. सरांनी गाठ सोडायला लावली.

"तीन सालं पाहिल्याशिवाय बियाणं कोणाला द्यायचं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही!"

तिसऱ्या साली तो वाण उभा वाळला. सर खरे ठरले. बहीण मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलली नाही. न बोलताच गेली.

*

मंत्री झाल्यावर गावात सत्कार झाला. अंगणवाडीच्या बाईंनी हातात जास्वंदीचं फूल दिलं. भाषणं चालू, आणि सर खाली मान घालून त्यातले पुंकेसर काढत बसलेले!

पीए कुजबुजला, "साहेब टेन्शनमध्ये आहेत."

टेन्शन कसलं! फूल मोडलं होतं. हात अजून कच्चाच!

*

एकदा मी मुंबईला फोन लावला. पीएनं उचलला.

"काय काम आहे?"

"काम नाई. कपाशीले पात्या लागल्या, एवढं सांगा सरले."

"आजी, हे काही काम नाही."

"मंग काय सांगून राह्यली मी!"

सरांचा फोन आला नाही. धुऱ्यावर मी एकटीच बसले.

*

तर, ओसरीतलं भांडण.

"बायका तुमचं ऐकतात," सर म्हणाले. "तिसरं साल नंतर पाहू. निवडणूक तोंडावर आहे."

"तिसऱ्या सालचा पाऊस तुमच्या खात्यात येते का?"

सरांचा आवाज चढला. "गिरजाबाई, मंत्री मी आहे!"

सगळे त्यांना साहेब म्हणतात. मी नाही.

"सर, तुमच्या एका शब्दापायी माही बहीण न बोलताच गेली, तो शब्द आज तुमीच मोडून राह्यले, त मंग मी एकटी कायले पडली?"