आलेआजोबा

लग्नाआधी मी आमच्या ह्यांना एक पत्र लिहिलं होतं. चांगलं चार पानी, अगदी मनापासून. आठ दिवसांनी ते परत आलं, लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुका, दोन ठिकाणी अनुस्वार राहिलेला, आणि शेवटी समासात बारीक अक्षरात, 'मजकूर आवडला.' तरीही मी ह्या माणसाशी लग्न केलं, म्हणजे माझी कमाल बघा.

हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एकतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, आणि तेवढ्याने हौस भागायची नाही म्हणून घरी येऊन माझ्या काढायच्या. मी शिवणकाम करते. दुकानावर मी स्वतः हाताने पाटी रंगवली होती, 'शीवण व दुरूस्ती'. दुसऱ्याच दिवशी हे शिडी लावून वर. गिऱ्हाईक खाली उभं, आणि हे वरून मला पहिली वेलांटी कुठे नि दुसरी कुठे ते सांगतायत! माझं असं डोकं फिरायचं. एकदा नाही, शंभरदा म्हटलं असेल मी, "अहो, एक दिवस तरी तोंड बंद ठेवा!"

मग एका सकाळी दाढी करताना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि वाचा पूर्ण गेली. तोंड बंद झालं. तेव्हापासून मी माझ्या त्या वाक्याला रोज शिव्या घालते.

वाचा-उपचाराच्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या म्हणाल्या, "त्यांना सगळं समजतं. शब्द आत आहेत, फक्त वाट सापडत नाहीये. दोन वर्षांत जे परत येईल ते येईल. नंतर फारशी आशा धरू नका." आणि दारात चप्पल घालताना सहज म्हणून गेल्या, "चिडले तर चिडू द्या हं. रागाच्या भरात कधीकधी शब्द निसटतो." पण हे चिडायचेच बंद झाले होते. दुकानात खिडकीशी खुर्चीत बसवलं की बसायचे. मी मुद्दाम चुकीच्या शब्दांत गाणं म्हटलं तरी ढिम्म.

आठ महिने असे गेले, आणि वरच्या दोन खोल्यांत ते दोघं राहायला आले.

परदेशातून आलेलं मिशनरी जोडपं. दोघंही सत्तरीचे. छातीवर नावाची काळी पट्टी, त्यांची चार पोरं नि अकरा नातवंडं तिकडे, आणि ही दोघं अठरा महिने इथे, सेवेला. तिकडे आजोबा चाळीस वर्षं नळदुरुस्ती करत होते आणि आजी शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "धर्माचं बोलणं जिन्यावर ठेवायचं. खाली नको." आजोबांना निम्मं समजलं नाही, पण माझा चेहरा समजला. त्यांनी दोन्ही हात वर करून मान डोलावली, आणि लगेच वाकून माझ्या मोरीच्या गळक्या नळाकडे बघायला लागले. सुटाच्या खिशातून पाना निघाला! पाच मिनिटांत नळ बंद. अशा माणसावर किती वेळ डाफरणार?

त्यांचा दिवस मला छताच्या आवाजावरून कळायचा. सहाला दोन खुर्च्या खिडकीशी सरकायच्या. मग दोघं एकमेकांना एक-एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे, मग प्रार्थना. मग आजी त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करायच्या, आणि आजोबा आजींच्या गुडघ्याला पट्टा बांधून द्यायचे. रोज. नऊला दोघं जिना उतरायचे, ते पुढे, एक-एक पायरी, हात मागे धरून. दिवसभर कुणाला दवाखान्यात सोबत कर, कुठे एकट्या म्हातारीशी बसून ये, कुणाचा नळ, कुणाचं सांडपाणी. इथे असताना त्यांना बारावं नातवंड झालं. ते त्यांनी फोनवरच पाहिलं. त्या दिवशी आजी माझ्याकडे येऊन बसल्या आणि माझ्याकडच्या शाळेच्या अठ्ठावीस गणवेशांची काज-बटणं करून गेल्या.

त्यांच्या संस्थेने भाषेचा दोन आठवड्यांचा वर्ग घेतला होता, तो आजोबांच्या डोक्यावरून गेला. म्हणून रोज चारला दोघं वह्या घेऊन माझ्या शिवणयंत्राशी. मी बोलायचं, त्यांनी लिहून घ्यायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मी घरी आले की काय म्हणते? 'मी आले.'" आजोबांनी तीनदा घोकलं.

दुसऱ्या दिवशी दार ढकलून, सहा फुटी देह आत घालून, खणखणीत आवाजात, "मी आले!"

मी हसून दुरुस्त करणार, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. टक, टक, टक. ह्यांचं डावं बोट, खुर्चीच्या हातावर. तीन टकटक! पूर्वी माझी चूक काढायच्या आधी हे टेबलावर अशीच तीनदा बोट आपटायचे. ते ऐकलं की मी सुई टाकून भांडायला सज्ज व्हायची. आठ महिन्यांनी तो आवाज ऐकला, आणि आईशपथ सांगते, मला कुणीतरी नवीन साडी दिल्यासारखा आनंद झाला. मी दुरुस्ती गिळली.

आणि मग काय, मी शिकवतच गेले. मी करते, मी बसते, मला वाटलं मी पडले. आजींचं आपोआप बरोबर यायचं. त्यांच्या भाषेत क्रियापदाला बाई-पुरुष असा भेद नसतो, त्यामुळे दोघांनाही संशय नाही. आजोबा बाजारात जाऊन सांगायचे, "मी कालच टोमॅटो घेऊन गेले." गल्लीने त्यांचं नाव आलेआजोबा ठेवलं. भाजीवाला तर ते "मी आले" म्हणत आले की विचारायचा, "किती देऊ, पावशेर?" मी सगळ्यांना तंबी दिली होती, आजोबांची भाषा कुणी सुधारलीत तर याद राखा, एकाचंही कापड वेळेवर मिळणार नाही.

इकडे ह्यांच्यात जीव यायला लागला होता. चार वाजत आले की खुर्चीत सरळ व्हायचे. आजींनी शब्द पाठ व्हायला खोलीभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यातल्या काही खाली माझ्या दुकानातही लावल्या. एके सकाळी बघते तर 'खीडकी'ची दुसरी वेलांटी खोडलेली, आणि डाव्या हाताने काढलेली, वेडीवाकडी, पहिली वेलांटी. शेजारी माझा कापडावर खुणा करायचा खडू पडलेला. मी तो खडू कपाळाला लावला आणि पोटभर रडले. मग आजींना म्हटलं, अजून चिठ्ठ्या लिहा, आणि अजिबात विचारून लिहू नका.

पण शब्द काही येईना. टकटक यायची, ओठ थरथरायचे, गळ्याची शीर फुगायची, आणि परत सगळं शांत. आजोबांनी एकदा विचारलं, भाऊंसाठी प्रार्थना केली तर चालेल का. ते ह्यांना भाऊ म्हणायचे, मला ताई. मी म्हटलं, करा, पण वरती. मग रोज सकाळी छतातून त्यांच्या न कळणाऱ्या भाषेत एकच कळणारा शब्द यायचा, भाऊ. मी चहा ठेवता ठेवता थांबायची.

अकराव्या महिन्यात आजोबांना त्यांच्या रविवारच्या सभेत आपल्या भाषेत चार शब्द बोलायचे होते. आठवडाभर तयारी. मी ऐकून घेतलं, म्हटलं, फक्कड झालंय. हो, म्हटलं! तोंडावर म्हटलं.

त्या रविवारी दुपारी दार उघडलं, आणि "मी आले" ऐकू आलं नाही. दोघं गुपचूप वर गेले. ह्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला काय ते कळलं.

वर गेले तर आजोबा खिडकीशी बसलेले, टाय हातात. आजी सदऱ्याच्या घड्या घालत होत्या; घातलेलीच घडी मोडून पुन्हा घालत होत्या. आजोबांनी सभेत सांगितलं होतं, मी चाळीस वर्षं नळ दुरुस्त करत होते, मग मी इथे आले. सगळी सभा हसली. नंतर एका भल्या बाईने बाजूला घेऊन समजावलं.

"ताई," आजी म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं."

नाही म्हणायची सोय नव्हती. मी त्या पलंगाच्या कडेवर बसले आणि सगळं ओकून टाकलं. टकटक, खडू, वाचावाल्या बाई, भाजीवाल्याला दिलेली तंबी. म्हटलं, "मी तुमचं हसं केलं. पण तुम्ही चुकलात की आमचे हे जिवंत होतात हो. दुसऱ्या कशाने होत नाहीत. मी काय करू?" एवढी कधी कुणापुढे वाकले नव्हते.

आजोबा बराच वेळ वाक्य जुळवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी बोलते, आणि भाऊ रागावतात?"

"खूप."

"चांगला राग?"

"फार चांगला."

त्यांनी आजींकडे पाहिलं. आजींनी घडी खाली ठेवली, डोळ्यांना पदर नव्हता म्हणून त्याच सदऱ्याने डोळे पुसले, आणि हसल्या. आजोबांनी वही उघडली. "भाऊंना सगळ्यात जास्त राग कशाचा?"

मला विचार करावा लागला नाही. "घरातून निघताना कुणी 'जातो' म्हटलं की. उंबऱ्यावरून परत बोलवायचे. म्हणायचे, जातो म्हणतात का कधी? येतो म्हणायचं! पाव्हण्यांना गाडी चुकली तरी चालेल, पण येतो म्हणवून घ्यायचे."

आजोबांनी ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी चारला दार धाडकन उघडलं. "मी आले!" इतक्या जोरात की समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला. टक, टक, टक. पुढचे सात महिने तो माणूस रोज समजून उमजून चुकला. लोक हसायचे, तो मान तुकवून हसू घ्यायचा. बाजारात, सभेत, कुठेही बरोबर बोलला नाही. आजोबा मला म्हणायचे, "ताई, एकदा बरोबर बोलायची सवय लागली तर खाली येऊन चुकणं जमणार नाही." मी त्यांना हात जोडले तर म्हणाले, नळ गळतोय का बघू.

आणि तरी शब्द आला नाही. दोन वर्षं उलटली. वाचा-उपचाराच्या बाईंनी येणं महिन्यातून एकदावर आणलं. त्याचा अर्थ मला समजला. मी स्वतःला समजावलं, टकटक आहे ना, तेवढ्यावर भागवू.

मग त्यांचा जायचा दिवस आला. दारात गाडी उभी. दोन बॅगा, आजींची काठी, आणि मी त्यांना शिवून दिलेली पिशवी. आजींनी ह्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. परत येणं काही होणार नाही हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. ते गुडघे आता समुद्र ओलांडायचे नव्हते.

आजोबा खुर्चीसमोर उभे राहिले. टाय नीट केला. सभेत बोलायला उभं राहावं तसे.

"भाऊ," ते म्हणाले, "मी जाते."

अग्गंबाई! माझ्या लक्षात आलं, वहीत लिहून घेतल्यापासून हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता. राखून ठेवला होता. एका शब्दात दोन चुका, आणि दुसरी तर ह्यांच्या मते अक्षम्य.

टक, टक, टक. टक, टक. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. आजोबा ढिम्म हलले नाहीत. "मी जाते, भाऊ," पुन्हा म्हणाले, आणि त्यांचाच आवाज फाटला. वळले, उंबऱ्यापर्यंत गेले, एक पाय बाहेर टाकला.

"ये..."

मी यंत्राला धरून उभी राहिले.

"ये... तो!"

घोगरा, गंजलेला, रागाने ठासून भरलेला शब्द. पण स्वच्छ. आजोबा उंबऱ्यावरून परत आले, ह्यांच्यासमोर वाकले, आणि त्याच फाटक्या आवाजात, एकही चूक न करता म्हणाले, "येतो, भाऊ. मी येतो." ह्यांनी मान डोलावली. पास केलं. मग आजोबा रडले, आजी रडल्या, गाडीवाला उशीर होतोय म्हणत तोही नाक ओढायला लागला.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी दार लावलं, तोंड धुतलं, आणि मग मला माझा नेहमीचा राग आला. कमरेवर हात ठेवून ह्यांच्यासमोर उभी राहिले. "काय हो, सव्वीस महिने तुम्हाला भरवतेय मी, न्हाऊ घालतेय मी, आणि पहिला शब्द त्या नळवाल्याला? तोही चूक काढायला? बायकोसाठी काहीच नाही?"

हे माझ्याकडे बघत राहिले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द होता. डावा हात पुढे करून त्यांनी तोच मला दिला.

"येतो."

"या," मी म्हटलं. "सावकाश या. मी इथेच आहे."