धाकट्याच्या कागदावरची सही

माझा भाऊ माझ्याहून दीड वर्षानं धाकटा. मी त्याच्यावर जळायचो. कधीमधी नाही, रोज. दात घासतानासुद्धा. अशी गोष्ट कबूल करताना लोक 'जरा वाईट वाटायचं' असं म्हणतात. मी तसं म्हणणार नाही.

बीडहून लिंबागणेशकडं जाताना आमचं गाव लागतं. गावातली पोरं क्रिकेट नाहीतर कबड्डी खेळायची. शाळेतल्या खेळाच्या सरांच्या कपाटात एक फुटबॉल पडून होता, तो दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून आम्हा दोघांना मिळाला. बूट मात्र एकच जोड, तोही माझ्या मापाचा. थोरला म्हणून वाटणी मी केली. माझा उजवा पाय चांगला, तेव्हा उजवा बूट मला. डावा त्याला, पुढं चिंध्या कोंबून. त्यालाही उजव्याच पायाची सवय होती, पण मुरमाच्या मैदानावर अनवाणी पायानं बॉल मारून बघा एकदा. दोन दिवसांत अंगठा सुजला आणि तो मुकाट्यानं डाव्या पायावर आला. वर्षभरात त्याचा डावा पाय असा चालायला लागला की मलाच अडवता येईना.

मग एकदा पुण्याजवळच्या एका अकॅडमीची माणसं पोरं निवडायला बीडला आली. सर आम्हा दोघांना एसटीनं घेऊन गेले. मी तेव्हा आमच्यातला चांगला खेळाडू होतो, हे सर सांगतील, आजही सांगतील. टेबलाजवळ बसलेल्या माणसानं माझा शाळेचा दाखला बघितला, जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, तू या गटात बसत नाहीस.

दाखल्यावर एक जून होती. आमच्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. पोरगं घरी त्रास देतं म्हणून बाप शाळेत आणून बसवतो, आणि वय भरावं म्हणून गुरुजी एक जून लिहून टाकतात. मी खरा जन्मलो संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, म्हणजे त्यांच्या अटीत अगदी काठावर का होईना, बसत होतो. कागदावर मात्र सात-आठ महिन्यांनी मोठा. मी त्या माणसाला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, सगळे असंच सांगतात. धाकटा अंबाजोगाईच्या दवाखान्यात जन्मला होता. त्याचा शिक्क्याचा दाखला होता, त्यावर वेळसुद्धा लिहिलेली होती.

तो खेळला आणि मी त्याचा शर्ट हातात धरून कडेला उभा राहिलो. डाव्या पायाची पोरं सहसा सापडत नाहीत, असं ती माणसं सरांना सांगत होती. पोरगं डाव्या पायाचं कुणी केलं, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

तो गेला आणि मी राहिलो. पुढं बी.ए.ला नाव घातलं आणि बीडला एका क्लासच्या काउंटरवर बसून पोरांचे प्रवेशाचे अर्ज भरून घ्यायला लागलो. गावात जो भेटेल तो विचारायचा, भाऊ कसा आहे? मी कसा आहे ते कुणाला नको होतं. तो सुट्टीला यायचा तेव्हा आई चार-चार अंडी उकडायची. तो नऊला झोपायचा आणि त्याची झोप मोडू नये म्हणून आण्णा, म्हणजे आमचे वडील, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचे. एकदा तो अंघोळीला गेला असताना मी त्याचा अकॅडमीचा टी-शर्ट अंगात घालून आरशात बघितला. अगदी मापात बसला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तो सतराचा झाला त्या जूनमध्ये माझ्या मोबाइलवर एक कागद आला. अकॅडमी त्याला गोव्यातल्या एका छोट्या क्लबाकडं एका हंगामासाठी खेळायला पाठवणार होती. अठरा पुरी नव्हती म्हणून वडिलांची सही लागणार होती, तीही शुक्रवारच्या आत. कागद सगळा इंग्रजीत. घरात तो वाचणारा मी एकटाच.

त्यात काय आहे ते मला वाचायच्या आधीच कळलं होतं. मी हा खेळ सोडला तरी बघायचं सोडलं नव्हतं. परदेशातले मोठमोठे क्लब हाताशी आलेलं पोरगं असंच वर्षभर लहान क्लबाकडं देतात. स्वतःकडं त्याला बाकावर बसवावं लागलं असतं. तिकडं मोठ्या माणसांशी खऱ्या सामन्यात दर आठवड्याला खेळायला मिळतं, आणि पोरगं तयार होऊन परत येतं. ज्याच्यावर आशा असते त्यालाच पाठवतात. हे मला अगदी पक्कं माहीत होतं.

आण्णा पेरणीवरून आले होते. आमच्याकडं अजून बैलजोडी आहे, तिफण ते बैलांवरच धरतात. मी कागद वाचून दाखवला. एक हंगाम दुसऱ्या क्लबाकडं देणार, मग परत घेणार, एवढंच सांगितलं. आण्णा बराच वेळ पाय चोळत बसले. आमच्याकडं शेजाऱ्याचा बैल मागून नेण्याची रीत आहे आणि कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. पण ऐन पेरणीत चांगला बैल कुणी देत नाही. आण्णा स्वतः कुणी मागायला आलं की म्हातारा देवणी बैल देतात, तो तासात दोनदा बसतो.

"ऐन हंगामात चांगला बैल कुणी देतं का बे दुसऱ्याला?" त्यांनी मला विचारलं. "नको झाला म्हणूनच देऊ लालेत ना त्याला?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. आण्णा, बैलाचं वेगळं आणि ह्याचं वेगळं. तेवढ्यानं काम झालं असतं, कारण खेळातलं आण्णा माझंच ऐकायचे. मी म्हणालो, "देत न्हाईत कुणी."

आण्णांनी सही केली नाही. त्याच दिवशी त्यांनी भावाला फोन लावला आणि सांगितलं की असं कुणाच्या दावणीला माझं पोरगं बांधू देणार नाही, तुला नीट ठेवत नसतील तर घरी ये. तिकडून तो काहीतरी समजावत होता, पण आण्णांना ऐकायचंच नव्हतं. मग त्यानं फोन माझ्याकडं द्यायला लावला.

"दादा, तू तरी सांग की आण्णाला. तुला कळतं ना समदं."

मी म्हणालो, "आण्णा म्हणतेत त्येच मलाबी बरोबर वाटतंय."

तो गप्प झाला. मला त्या गप्प बसण्यानं बरं वाटलं. लपवत नाही, चांगलं बरं वाटलं. रात्री दोन भाकरी जास्त गेल्या.

अकॅडमीतून मला दोनदा फोन आला. वडील तयार नाहीत, मी काय करू, असं मी गरिबासारखा बोललो. शुक्रवार गेला. त्याच्या जागी नाशिककडचं एक पोरगं गोव्याला गेलं. ते तिकडं जवळजवळ सगळे सामने खेळलं आणि हंगाम संपायच्या आधीच त्याला वरच्या संघात बोलावणं आलं. हे मी मोबाइलवर मुद्दाम शोधून वाचत होतो. धाकटा वर्षभर बहुतेक बाकावरच बसला. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि तरी क्लासच्या काउंटरवर बसून मी त्या नाशिकच्या पोराचे व्हिडिओ पुन्हापुन्हा बघत होतो.

त्याच वर्षी, हंगाम चालू असतानाच, दिवाळीला तो घरी आला. वाळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात मोटर चालू करायला निघालो तर मागून आला. विहिरीपाशी बसलो दोघं. त्यानं सरळच विचारलं.

"दादा, तुला खरंच ठावं नव्हतं का? असं देतेत ते कशापायी देतेत?"

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. त्या घडीला मी खरं बोललो असतो तर त्यानं मला मारलं असतं, नाहीतर उठून गेला असता. दोन्ही मला चाललं असतं, असं आता वाटतं. तेव्हा मी म्हणालो, "नव्हतं. मला काय कळतंय त्यातलं."

त्यानं खाली बघितलं. मग म्हणाला, "मला पाच महिने वाटलालतं की तू जळतोस म्हणून गप बसला. लई वाईट वाटलालतं तुझ्याबद्दल. माफ कर दादा, माझंच मन घाण झाल्तं."

आणि त्यानं माझ्या गुडघ्याला हात लावला. मी उठलो. मोटर चालू केली आणि पाण्याकडं बघत बसलो.

पुढच्या वर्षी तो अठराचा झाला. सही त्यानं स्वतःच केली आणि गोव्याच्या त्या क्लबापेक्षा बऱ्याच लहान क्लबात गेला. आता तो तिथंच आहे. अकॅडमीनं त्याला परत बोलावलेलं नाही.

पण त्या दिवाळीपासून एक झालं. आपण घरच्यांना नीट समजावून सांगितलं नाही म्हणून हे झालं, असं त्यानं मनाला लावून घेतलं आहे. दर रविवारी सामना झाला की फोन करतो आणि मला एकेक गोष्ट सावकाश, सोप्या भाषेत सांगतो. गेल्या रविवारी ऑफसाइड म्हणजे काय ते सांगत होता. ते त्याला मी शिकवलं होतं, तो आठ वर्षांचा असताना, मुरमावर काडीनं रेघ ओढून. तो विसरला आहे. "कळलं का दादा, का परत सांगू?" असं त्यानं विचारलं, आणि मी म्हणालो, परत सांग.