आवर्तन नावाचा मुलगा

कॅनलला पाणी सुटलं की घरामागच्या पाटचारीतून शेवाळाचा ओला वास घरात येतो आणि मला कोल्हारमधलं लेकाचं बारसं आठवतं.

ह्यांनी कधी स्वतःचा शर्टही निवडला नव्हता, पण मुलाचं नाव 'आवर्तन'च ठेवायचं म्हणून हटून बसले. मी नगरला गाणं शिकलेली. मला आवर्तन माहीत होतं ते तालातलं.

"कुणी सुचवलं?"

"कुनी न्हाई," म्हणत त्यांनी नजर चुकवली.

गाण्यातली कोण बाई ह्यांना भेटली? बारशापर्यंत त्यांच्या मोबाईलची प्रत्येक रिंग मी कान देऊन ऐकली.

नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि ती भावाकडे बघून हसली. घुगऱ्या वाटून झाल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"वैनी, तुमाला कळा लागल्या तवा कॅनलचं आवर्तन चालू हुतं. दादाची पान्याची पाळी आन् तुमचा फोन एकदमच आला. फावडं टाकून पळाला तो. पाळी गेली, कांदा वाळला. तुमाला वाईट वाटंल म्हून बोलला न्हाई."

दुसरी बाई नाही, एवढ्यावरच मला तेव्हा हायसं वाटलं. वर्षभर खायचा कांदाही बाजारातून आणताना हे गप्प का असायचे, ते फार उशिरा उमगलं.