कडू बेस

"काकू, मागून कडू लागतंय," सायली मॅडम म्हणाल्या आणि हातातला तुकडा त्यांनी डिशमध्ये परत ठेवला.

मी म्हटलं, "सिमला मिरची असेल."

"सिमला मिरची बाजूला काढून खाल्ला मी. तरी कडूच."

सायली मॅडमची कॉलेज रोडला जिम आहे, खाली छोटा कॅफे आहे. तिथे रोज पिझ्झा लागणार होता. मैदा नको, सेंद्रिय गहू हवा, टोमॅटोचा सॉस घरचा हवा. आणि हे सगळं मी घरी करते, साठी उलटल्यावर मोबाईलवर बघून बघून शिकले. रोजची ऑर्डर मिळणार म्हणून वंदनाने आधीचं डब्यांचं काम सोडलं होतं. वंदना आमच्याच कॉलनीतली, माझ्या लेकीच्या वयाची, हात असा की गोळा हातावरच गोल होतो. डबेवाल्या बाईंनी तिच्या जागी दुसरी ठेवलीसुद्धा. म्हणजे हे सॅम्पल नापास झालं तर मी घरी बसेन, मला पेन्शनवाला नवरा आहे. तिने काय करायचं?

"मॅडम, मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

"देते. पण काकू, दुसऱ्यांचंही सॅम्पल आलंय हं. त्यांचा बेस मस्त फुलतो."

फुलणारच. मैदा आहे तो. हे मी मनात म्हटलं.

वंदना सोबत आली होती, दोघी रिक्षाने परत निघालो. द्वारकेच्या सिग्नलला ती म्हणाली, "काकू, तुम्ही चाखला होता का?"

नव्हता. आणि तिनेही नव्हता. आता तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, मी आयुष्यभर स्वयंपाक न चाखता केला. पुरणपोळी असो की मसालेभात, मीठ अंदाजाने. दुसऱ्याला द्यायचं ते आधी आपण खाल्लं तर उष्टं होतं, हे अंगात इतकं मुरलेलं की बिझनेस काढला तरी गेलं नाही. वंदनाला मी तेच शिकवलं होतं. ती बिचारी मान डोलावून शिकली होती.

घरी आलो आणि एकेक वस्तू जिभेवर ठेवायला लागलो. सॉस आधी. लसूण करपला की सॉस कडवटतो. पण सॉस आंबटगोड होता, चांगला होता. चीज चाखलं, ठीक. घाण्याचं शेंगदाणा तेल जुनं झालं की खवट होतं, खवट म्हणजे कडू नव्हे, तरी हुंगून पाहिलं. ताजं होतं. यीस्ट म्हणजे पीठ फुगवायची पावडर. ती जास्त पडली तर दारूसारखा वास येतो. तसाही वास नव्हता.

मग वंदना म्हणाली, "नुसता बेस भाजू या. वर काहीच नको."

भाजला. दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला. आधी चांगला लागला. मग घशाशी हळूच कडू.

"पीठ," वंदना म्हणाली.

आमच्या पिठात दोन वस्तू असतात, गहू आणि थोडी नागली. नागली पेठहून येते, तुम्ही तिला नाचणी म्हणत असाल. ती गेल्या वेळचीच होती, तिची भाकरी आम्ही सकाळीच खाल्ली होती. गहू मात्र नवा. बागलाणातले काशिनाथभाऊ पाठवतात, औषध न फवारलेला. मला आधी गिरणीवाल्याचा संशय आला. माझ्या आधी कोणी मेथ्या दळल्या असतील तर पहिलं पीठ कडू येतं. फोन केला तर तो म्हणाला, "काकू, तुमच्या आधी माझ्याच घरचे गहू होते. सकाळच्या पोळ्या गोड लागल्या."

मग काशिनाथभाऊंना फोन लावला.

"भाऊ, गहू कडू लागतोय हो."

"गहू कडू नही, आक्का. त्यामा लिंबना पाला टाकेल शे. नही ते कीड लागी जास." आणि मग माझ्यासाठी सावकाश म्हणाले, "दळायच्या आधी पाला काढायचा असतो. दादांना सांगितलं होतं मी."

दादा म्हणजे आमचे हे. गहू निवडायचं काम यांच्याकडे आहे. रिटायर झाल्यापासून टीव्हीपुढे बसून सूप घेऊन निवडतात आणि छान निवडतात, खडा सापडायचा नाही.

वंदनाने डब्यातला उरलेला गहू सुपात घेऊन पाखडला. पुढे हिरवट चुरा उडाला. कडुलिंबाचा वाळलेला पाला, पोत्यात दबून चुरा झालेला.

मी हाक मारली. "अहो, हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. मुद्दाम ठेवलं."

"मुद्दाम?"

"तुझ्या बोर्डावर काय लिहिलंय? हेल्दी. पाडव्याला आपण खातो की नाही कडुलिंब? रक्त शुद्ध होतं. मी म्हटलं, जिमवाल्यांना अजून काय पाहिजे."

वंदना तोंडाला पदर लावून खाली बसली. हसत होती की रडत होती, मला आधी कळेना. हसत होती.

उरलेला सगळा गहू आम्ही तिघांनी पाखडला, चाळला, ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवला. गिरणी बंद व्हायच्या आत हे स्वतः दळून घेऊन आले. सकाळी बेस भाजला. यावेळी पहिला आम्ही खाल्ला, दुसरा डब्यात भरला.

सायली मॅडमना मी खरं कारण सांगून टाकलं. हे म्हणाले होते, "यीस्टवर ढकल." पण यीस्टवर ढकललं असतं तर पुढच्या वेळी मला यीस्टच सांभाळत बसावं लागलं असतं. मॅडमनी ऐकत ऐकत दोन तुकडे खाल्ले. मग म्हणाल्या, "सोमवारपासून द्या. आणि काकू, तो कडुलिंबवाला वेगळा करून देता येईल? आमच्याकडे डिटॉक्स मागणारे खूप आहेत."

मी नाही म्हटलं. घरी येऊन यांना हे सांगितलं नाही, उगाच छाती फुगली असती.

वंदना आता रोज येते. गहू अजून हेच निवडतात. फक्त एक नियम झाला आहे. उष्टं-बिष्टं काही नाही, प्रत्येक खेपेतला पहिला बेस घरातच खायचा, आणि तो गहू निवडणाऱ्याने खायचा. तेव्हापासून सूप घेतलं की यांचा टीव्ही बंद असतो.