सत्ताविसावा आठवडा

नवऱ्याच्या, सत्यमच्या थपडेनं सोनियाच्या डाव्या कानाचा पडदा फाटला तेव्हा लग्नाला पुरते चार महिनेही झाले नव्हते. कारण काय, तर सत्यमच्या मोटारसायकलची चावी सापडत नव्हती. चावी शेवटी त्याच्याच खिशात निघाली. तेव्हा तो म्हणाला, "मग आधीच नाय का सांगायचं, खिसा बघा म्हणून?" आणि दुकानाला निघून गेला.

सोनिया पाचोडच्या कारभारी अण्णांची थोरली पोर. बापाची मोसंबीची बाग होती. पोरीनं औषधांची पदविका घेतली आणि शहरात पैठण गेटजवळच्या एका मेडिकलात दोन वर्षं काउंटर सांभाळलं. सत्यमचं लासूर स्टेशनला बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, राहायला शहरात गारखेड्याला. लग्न ठरलं आणि तिची नोकरी सुटली.

ती काही गरीब गाय नव्हती. दुसऱ्या वर्षी तिनं तापलेलं उलथनं त्याच्या खांद्यावर टेकवलं होतं. त्याबदल्यात त्यानं तिची करंगळी मागं वाकवून मोडली. ती वाकडीच जुळली. सासू साळूबाई हळद-तूप लावताना म्हणाली, "पहिलं पोर झालं की गडी निवळतो, सोने. माझा नाय निवळला, पर तुझा निवळंल."

पोटात पोर राहिलं आणि सत्यम खरंच थोडा निवळला. म्हणजे तोंडावर मारायचा थांबला.

सहावा महिना संपत आला तेव्हा फवारणीच्या औषधांच्या कंपनीची चिठ्ठी आली. औषध सगळ्यात जास्त खपवणाऱ्या दुकानदारांना जोडीनं जहाजातून नेणार होते, मुंबईहून कोचीला. सत्यमनं ती चिठ्ठी गल्लीभर दाखवली. अडचण एकच निघाली. चोविसाव्या आठवड्यापुढच्या बाईला जहाजावर घेत नव्हते आणि सोनियाला सव्विसावा चालू होता. सत्यमनं कुठल्यातरी ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणला. त्यावर वीस आठवडे लिहिलेले होते, खाली त्यानं सोनियाचीही सही घेतली. सोनोग्राफीची खरी फाइल त्यानं आईच्या हातात कोंबली. "बंबात घाल हे."

सोनिया नाही म्हणू शकली असती. पण खरं सांगायचं तर तिला जायचं होतं. समुद्र तिनं कधी बघितला नव्हता. आणि मनात एक हिशेबही होता. हजार माणसांत हा हात उचलणार नाही. चार दिवस बिनमाराचे मिळतील. तिनं बापाला फोन केला, "अण्णा, मी जहाजात चाललेय." कारभारी हरखून म्हणाले, "खिडकीजवळ बस, बरं का."

पहिली संध्याकाळ चांगली गेली. मुंबई मागं सरत गेली, पाणी आधी राखाडी झालं, मग काळं. सत्यमनं तिचे फोटो काढले, पोट झाकायला शाल पुढं ओढ म्हणाला. पोर आत लाथा मारत होतं. सोनियानं कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि कितीतरी वेळ तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर अजिंठ्याच्या दुकानदाराची बायको मंजुषा शेजारी बसली. तीन लेकरांची आई, बोलायला मोकळी. तिनं सोनियाच्या पोटाकडं एकदा पाहिलं आणि कानाशी आली. "वीस आठवडे? बाई, माझी तीन झालीत. हे सातव्यातलं पोट हाय."

सोनिया हसली आणि नकळत होकाराची मान हलवून बसली.

मंजुषाच्या मनात वाईट नव्हतं. तिनं नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्यानं भर टेबलावर, कंपनीच्या साहेबासमोर सत्यमची फिरकी घेतली, "काय राव, जाताना दोघं, येताना तिघं का?" सगळे हसले. साहेब मात्र हसला नाही. अकरा वाजल्यापासून पीत असलेल्या सत्यमनंही हसून दाखवलं. मग त्यानं सोनियाचं मनगट धरलं. "चल, जरा आराम कर."

खोलीचं दार लागलं आणि पहिला ठोसा तिच्या दातांवर बसला. एक दात जिभेवर आला. तो तिनं थुंकला.

"कुणाला सांगितलं? साहेबापुढं माझं नाक कापलंस!"

"अहो, मी काय बोलले नाय, तिनंच—"

त्यानं केसांना धरून तिला भिंतीवर आपटलं. खोली इतकी अरुंद की पडायलाही जागा नव्हती. ती पलंग आणि कपाटाच्या फटीत अडकली आणि दोन्ही हात पोटावर आडवे धरून बसली. त्यानं नेमक्या त्या हातांवरच लाथ घातली. एक. दोन. तिसऱ्या लाथेला हात सुटले. पोटात काहीतरी फाटल्यागत झालं आणि मांड्यांमध्ये ऊन ऊन ओल पसरली. तिनं खाली पाहिलं तर रक्त होतं.

त्या क्षणी सोनियाचं भय कुठं गेलं, तिला कळलं नाही. टेबलावर चहाची विजेची किटली होती. तिनं वायरीला हिसका देऊन ती खाली ओढली आणि बसल्या जागेवरून, सगळ्या जोरानं, त्याच्या तोंडावर हाणली. भुवई उकलली, रक्तानं त्याचे डोळे भरले. "मारतोस?" ती ओरडत होती, "माझ्या पोराला मारतोस तू?" लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून नवऱ्याला 'तू' गेलं. किटली पुन्हा बसली, नाकावर. तेवढ्यात बाहेरून दार उघडलं गेलं. खोल्या आवरणारा माणूस दारात उभा होता, हातात टॉवेलांची चळत.

सत्यमनं रक्त पुसत सांगितलं, "जहाज हललं, आम्ही दोघं पडलो."

खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात रत्नागिरीकडची एक तरुण डॉक्टर होती. तिनं सोनियाचं पोट दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट झालं होतं. आत बाळाला पोसणारी वार गर्भाशयापासून सुटत चालली होती. तिनं दाखला वाचला, मग पोटाला टेप लावली आणि कपाळाला आठी घातली.

"हे पोट वीस आठवड्यांचं वाटत नाही."

"कागदावर हाय ते वाचा ना," सत्यम दारातून म्हणाला. "वीसच आहेत."

डॉक्टर सोनियाकडं वळली. "ताई, नीट ऐका. वीस असतील तर बाळासाठी मी काही करू शकत नाही. फक्त तुम्हाला वाचवायचं बघीन. जास्त असतील तर वेगळं आहे. सांगा."

"सोनिया!" सत्यमनं दरडावलं. "खोट्या कागदात तूबी अडकशील. तुझीबी सही हाय त्यावर."

मेडिकलच्या काउंटरवर दोन वर्षं काढलेल्या बाईला वीस आणि सत्तावीस यांतलं अंतर समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या तोंडात रक्त साचलं होतं. तिनं ते उशीवर थुंकलं.

"कागद खोटा आहे. आज सत्ताविसावा लागला. शेवटच्या पाळीची तारीख सांगते, लिहून घ्या. बाळाच्या फुप्फुसाचं इंजेक्शन असतं ना, ते असेल तर आत्ता द्या. आणि मी पडले नाही. ह्यानं लाथा घातल्या."

सत्यम आत धावला. त्यानं सलाइनचा स्टँड धरून ओढला, सुई तिच्या हातातून निसटली. डॉक्टर मध्ये पडली तर तिलाही ढकलून दिलं. जहाजाच्या तीन पहारेकऱ्यांनी त्याला जमिनीवर पालथं पाडलं. गुडघ्याखाली दाबलेला असतानाही तो ओरडत होता, "वीसच हाय! वीस!"

जहाज वळलं आणि मागं राहिलेल्या गोव्याच्या बंदराकडं निघालं. बंदर येईपर्यंतचे चार तास सोनियाला पुढं तुकड्यातुकड्यांनीच आठवत राहिले. छताचा पांढरा दिवा, डॉक्टरचा गार हात, आणि मंजुषा. ती पायाशी बसून नुसती रडत होती, "माझ्याच तोंडाला आग लागो."

दिवस मावळायच्या आत गोव्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. पोट फाडून काढली. साडेनऊशे ग्रॅम. पोलिसांनी सत्यमला बंदरावरच ताब्यात घेतलं.

तिसऱ्या दिवशी साळूबाई आली, सोबत सत्यमचे चुलते सर्जेराव. त्यांनी पलंगाजवळ खुर्ची ओढली. "सूनबाई, झालं ते झालं. जबाब बदल. जहाज हललं की माणूस पडतंच. आणि तुझ्या वीस-सत्तावीसला पुरावा काय? फाइल तर जळाली."

साळूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं काखेतलं गाठोडं सोडलं, दोन लुगड्यांच्या मधून सोनोग्राफीची फाइल काढली आणि पलंगावर ठेवली.

"बंबात लाकडंच घातली मी," ती म्हणाली.

"वहिनी, पोटचा पोर हाय तुमचा!"

"व्हय. आन् त्याच्या आधी दोन गेले माझ्या पोटातच, ह्याच्या बापाच्या लाथांनी. तवा बी तुमीच म्हणाला व्हता, पडली म्हणून. आता जा तुमी."

सर्जेराव गेले. साळूबाई राहिली. एकसष्ट दिवस पोर काचेच्या पेटीत होतं आणि एकसष्ट दिवस दोघी सासवा-सुना त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. मुलीला साळूबाईनं आपल्या मेलेल्या आईचं नाव दिलं, कृष्णा.

शहरात परतल्यावर दोघींनी मुकुंदवाडीला दोन खोल्या घेतल्या. सत्यम जामिनावर सुटला आणि एका दुपारी तिथं आला. साळूबाई दारात मिरच्या कुटत होती. त्यानं आईला विचारलंसुद्धा नाही, सरळ कानाखाली वाजवली. म्हातारी उंबऱ्यावर कोसळली, ओठ फाटला. सोनियानं कृष्णाला पलंगावर ठेवलं, बाहेर आली आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला. पहिला घाव त्याच्या हातावर पडला. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्पष्ट ऐकला. तो खाली बसला. तिनं बत्ता पुन्हा उचलला, ह्या वेळी त्याच्या डोक्यावर नेम धरून. मिरच्यांच्या भुकटीनं तिघांच्याही डोळ्यांत आग पेटली होती.

साळूबाईनं तिचं मनगट धरलं. "बास. तुला आत टाकतील. पोरगी कुणाचं दूध पील?"

बत्ता खाली आला नाही. हवेतच अडकून राहिला. साळूबाईनं तो एकेक बोट सोडवून काढून घेतला. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, सत्यमचा जामीन रद्द झाला. पण सोनिया पुढं कितीतरी दिवस बत्ता हातात घेत नव्हती. म्हातारीनं धरलं नसतं तर तिनं ते डोकं फोडलंच असतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खटला अजून चालू आहे. सोनिया पुन्हा एका मेडिकलच्या काउंटरवर उभी राहते. गिऱ्हाईक डाव्या बाजूनं बोललं तर उजवा कान पुढं करते. कृष्णा दोन वर्षांची झाली. थंडीत छातीत घरघर होते, पण तोंड भलतंच तिखट.

परवा कृष्णानं औषधाची बाटली फेकून फोडली. सोनियाचा हात सुटला. पोरीच्या गालावर चार बोटं उमटली. सोनिया तशीच पायरीवर जाऊन बसली, हात मांडीखाली दाबून.

साळूबाई शेजारी येऊन टेकली.

"मी सत्यमला लई मारलं, तो एवढा व्हता तवा," ती म्हणाली. "त्याच्या बापाचा राग त्याच्यावर काढायची. फुकणीनं मारायची."

सोनियानं वळून तिच्याकडं पाहिलं. आत पोरगी हुंदके देत होती. सोनिया उठली, आत गेली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. कृष्णा आधी मागं सरकली. मग काही वेळानं, आपणहून, पुढं आली.