पाठच्या बहिणीची भिंत

ऑफिसात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांची घरं कागदावर उतरवली. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव साहेबांचं.

मग दोन बहिणी आल्या. एक थोरली, एक तिच्या पाठची. दोघींचा मिळून एक प्लॉट, आणि तीन वर्षांचा अबोला. बसायच्या शेजारी शेजारी. बोलायच्या मिलिमीटरशी.

"हिला सांगा, भिंत जाड हवी. हिचा मिक्सर मला ऐकू येता कामा नये."

"ताईला सांगा, तिचा रेडिओ बंद झाला की माझा मिक्सर बंद."

एकमत एकाच बाबतीत होतं. शहरात शंभर वर्षांपूर्वीच्या एका वास्तुविशारदाची जोडघरं होती. एका छपराखाली दोन घरं, मधे एक भिंत. दोघींचं लहानपण त्यांतल्याच एका घरात गेलं होतं. तशीच हवीत, पण आजची. मोठ्या खिडक्या, मोकळं स्वयंपाकघर.

"हे काम तुम्हीच करा," साहेब म्हणाले. "दोघींच्या सह्या आल्या की चौकटीत तुमचं नाव."

जुन्या घरांच्या नकाशाची नक्कल त्याच्याकडे होती. त्यानेच केलेली. तरी तो टेप घेऊन त्या रस्त्यावर गेला. एक जोडघर रिकामं होतं. मधल्या भिंतीचा गिलावा पडला होता आणि आत लिंटल दिसत होतं. दारावर घालतात तशी दगडी पट्टी, जमिनीपासून सहा फुटांवर. खाली दार नव्हतं. नुसत्या विटा, बाकीच्या भिंतीइतक्याच जुन्या.

त्याने तीनदा मोजलं.

ऑफिसात येऊन त्याने पत्र्याच्या नळीतून मूळ नकाशा काढला. मधल्या भिंतीत बारीक तुटक रेघ होती. त्याच्या नकलेत नव्हती. नोकरीला लागला त्या वर्षी कागदाची घडी समजून त्याने ती सोडून दिली होती. तेव्हापासून सगळे त्याची नक्कल बघत होते.

त्या जुन्या वास्तुविशारदाने दार केलंच नव्हतं. पुढेमागे कुणाला हवंसं वाटलं तर खालच्या विटा काढता याव्यात, वरची भिंत खचू नये, एवढी सोय ठेवली होती.

मिलिमीटरने नव्या नकाशात ती रेघ घातली आणि बहिणींना सांगितलं.

"दार नको," थोरली म्हणाली.

"मी मागितलं होतं का?" पाठची छताकडे बघत म्हणाली.

"दार नाहीच आहे. वर लिंटल, खाली वीट."

"मग उपयोग काय त्याचा?"

"आज काही नाही."

"पुसून टाका," थोरली उठली. "नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "एक रेघ पुसायला काय जातंय? आधी एकदा पुसलीच आहे की तुम्ही."

तो जेवला. भात जरा कच्चा राहिला होता, तरी सगळा संपवला.

सकाळी त्याने नकाशा रेघेसकट पाठवून दिला. आधी पाठचीकडे, तिथून थोरलीकडे. चौकट कोरी ठेवली. साहेब म्हणाले, "मिलिमीटर, पायावर धोंडा पाडून घेतलात."

नऊ दिवसांनी नकाशा परत आला. पाठचीने सही केली होती, आणि तुटक रेघेपाशी पेन्सिलीने लिहिलं होतं : उंची बघा. ताईचं डोकं आपटेल.

त्याखाली थोरलीची सही होती. शाईची. बाकी एक शब्द नाही.

मिलिमीटरने खोडरबर घेतलं. १८०० पुसून २१०० केलं. रेघ तीनशे मिलिमीटर वर नेली.

मग कोपऱ्यातल्या चौकटीत नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. ते त्याने तसंच राहू दिलं.