न्हाणीतलं पाणी

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला तो टँकरचा उन्हाळा आठवतो. सूर्यफुलाला घालायला सासूबाईंनी गोठ्यामागं गांडूळखताचा बेड केला होता आणि वर गोणपाट टाकून त्या तो रोज भिजवायच्या. पाणी पुरेना, तेव्हा त्या न्हाणीखाली घमेलं लावून स्वतःच्या आंघोळीचं पाणी बेडवर ओतू लागल्या. एका सकाळी गोणपाट उचललं तर गांडुळं मरून पडलेली. "साबनानं गेली ती," सासरे हळूच म्हणाले. त्या दिवसापासून सासूबाईंनी साबण सोडला. पुढं सूर्यफूलही पेरलं नाही. त्या मात्र अजून आंघोळीचं पाणी तिथंच ओततात. "येखादं ऱ्हायलं आसंल तर," म्हणतात. मी उकरून बघितलंय, त्यांना सांगितलेलं नाही.